तीन दिवस, दोन शो, एक गाडी: लाँग वीकेंडच्या रॉक रोड ट्रिपचं ए टू झेड

आमच्या पहिल्या ट्रिपला आम्ही तीन दिवसात तीन शो बसवले होते, आणि ज्या बँडसाठी हा सगळा खटाटोप केला तो बँड तिसऱ्या रात्री स्टेजवर आला तेव्हा मी मागच्या भिंतीला टेकून बसल्या बसल्या ढाराढूर झोपलो होतो. एवढ्या आवाजात! मित्रांनी फोटो काढून ठेवलाय, दर वाढदिवसाला ग्रुपवर येतो. त्यानंतर बऱ्याच ट्रिपा झाल्या, काही फसल्या काही जमल्या, आणि आता माझं मत पक्कं झालंय की असा वीकेंड शोमध्ये नाही फसत, दोन शोच्या मधल्या वेळात फसतो. झोप, गाडी आणि कान, या तिघांना सांभाळलं की बाकी सगळं बँडवाले बघून घेतात. म्हणून तीन दिवसांच्या सुट्टीत दोनच शो. तिसऱ्याचं तिकीट कोणी फुकट दिलं तरी नको म्हणा.

आधी झोप ठरवा, मग शो

लोक उलटं करतात, आधी तिकिटं काढतात आणि मग नकाशा उघडून बघतात की बापरे एवढं अंतर आहे होय. तिकिटावर ७ लिहिलं असेल तर आधी बघा ती गेट उघडायची वेळ आहे का शो सुरू व्हायची, दोन्हीत तास दीड तासाचा फरक असू शकतो. समजा गेट ६ ला उघडतं, साडेसातला ओपनिंग बँड येतो, त्यांचा पाऊण तास, मग स्टेज बदलायला अर्धा तास, म्हणजे मेन बँड ९ च्या आसपास. त्यांचे दोन तास धरा, ११ वाजले. पार्किंगमधून सुटून रूमवर पोचेपर्यंत १२, आणि लगेच कोणी झोपत नाही हो, अंगात करंट असतो, कोणीतरी व्हिडिओ लावून बसतं, दीड वाजतोच. ८ तास झोप धरली तर साडेनऊ, आवरून निघेपर्यंत ११. पुढच्या गावी ६ च्या गेटला पोचायचं असेल तर हातात राहिले ७ तास. त्यातला एक जेवणात आणि थांब्यांमध्ये जातो, एक नवीन रूमवर सामान टाकून अंघोळ करण्यात, एक ट्रॅफिकसाठी राखीव. उरले ४. म्हणजे दोन शोमधलं ड्रायव्हिंग ४ तासांच्या वर असेल तर तो प्लॅन कागदावरच ठेवा.

दुसरं म्हणजे रूट त्रिकोणी पाहिजे. घरापासून सरळ रेषेत लांब लांब जात राहिलात तर शेवटच्या दिवशी, जेव्हा सगळे पिळून निघालेले असतात, तेव्हाच सगळ्यात मोठा पल्ला येतो. म्हणून लांबचा शो पहिल्या रात्री, जवळचा दुसऱ्या रात्री. पहिल्या दिवशी ताजेतवाने असता तेव्हा ५-६ तास काही वाटत नाहीत.

आणि परत यायचा दिवस मोकळाच ठेवा. १९६९ च्या वुडस्टॉक या संगीत महोत्सवाला गिटारिस्ट जिमी हेंड्रिक्स शेवटी वाजवणार होता, पण पाऊस आणि उशीर होत होत तो स्टेजवर आला थेट सोमवारी सकाळी, तोवर चार लाखाच्या आसपासच्या गर्दीतले बहुतेक जण घरी निघून गेले होते. शो लांबतात. ओपन एअर असेल तर जास्तच.

कुठले दोन शो

बँडचं सामान ट्रकांनी फिरतं म्हणून टूर आखताना शक्यतो जवळजवळची शहरं एकामागे एक घेतात, त्यामुळे एकच बँड लागोपाठ दोन रात्री दोन शहरात पकडता येतो असं बऱ्याचदा होतं. पण तो बँड रोज तीच गाणी त्याच क्रमाने वाजवणारा आहे का ते आधी बघून घ्या. मोठी लाइटिंग आणि स्क्रीनवाले शो बहुतेक फिक्स असतात, कारण सगळं गाण्याला बांधलेलं असतं, मग दुसऱ्या रात्री गायकाचा जोकसुद्धा तोच असतो आणि जीव थोडा खट्टू होतो. उलट ग्रेटफुल डेडसारख्या बँडच्या मागे लोक वर्षानुवर्षे गावोगाव फिरले ते रोज गाणी बदलायची म्हणूनच, आणि फिश या बँडने तर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला १३ रात्री वाजवलं आणि एकही गाणं परत घेतलं नाही. असा बँड असेल तर खुशाल दोन्ही रात्री जा.

नाहीतर माझा आवडता जोड म्हणजे पहिल्या रात्री मोठा उभ्याचा शो, धक्काबुक्की, घाम, सगळं, आणि दुसऱ्या रात्री छोट्या हॉलमध्ये किंवा खुर्च्यांवर बसून. याच क्रमाने. पाय दुसऱ्या दिवशी बोलतातच.

माणसं

पाच सीटच्या गाडीत चार. पाचवा घेतलात तर मधल्या सीटवरून पहिलं भांडण दोन तासात होणार आणि सामान मांडीवर येणार. चारातले किमान दोघं लायसनवाले आणि हायवेची सवय असलेले, आणि गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्या इन्शुरन्समध्ये दुसरा ड्रायव्हर चालतो का ते निघायच्या आधी विचारून घ्या, रेंटची असेल तर दोघांची नावं टाका.

पैशासाठी एक खजिनदार नेमा. निघायच्या आधीच सगळ्यांनी सारखी कॉन्ट्री काढून त्याच्याकडे द्यायची, इंधन, टोल, पार्किंग, रूम सगळं त्यातून. तिकीट, टीशर्ट आणि दारू मात्र टीटीएमएम. आमच्याकडे एकदा दारू न पिणाऱ्याकडून दारूची कॉन्ट्री गेली होती आणि तो विषय मिटायला वर्ष लागलं.

आणि हो, "मला काही पण चालेल" म्हणणारा एक असतोच, त्याला ट्रिपच्या आधीच पकडून विचारा की पुढे स्टेजसमोरच्या बॅरिकेडला उभं राहायचंय का मागे आरामात. त्याला काही पण चालत नसतं, ते तिथे गेल्यावर कळतं.

तिकीट आणि रूम

एकाच्याच फोनवर चारही तिकिटं ठेवू नका. आम्ही ठेवली होती, त्याच्या फोनची बॅटरी गेटच्या लाइनीत संपली आणि पहिला बँड आम्ही बाहेरून, भिंतीपलीकडून ऐकला. ज्याचं तिकीट त्याच्या फोनवर घरूनच ट्रान्सफर करा. स्क्रीनशॉटवर भरवसा ठेवू नका, हल्ली बऱ्याच तिकिटांचा बारकोड सारखा बदलत असतो, मग स्क्रीनशॉट स्कॅन होत नाही, आणि गेटवर नेटवर्क मिळेलच असं नसतं, म्हणून ॲपमध्ये तिकीट आधी उघडून किंवा फोनच्या वॉलेटमध्ये टाकून ठेवायचं. तिकिटावर नाव असेल तर त्याच नावाचं ओळखपत्र लागतं. बॅगचा नियम प्रत्येक ठिकाणचा वेगळा, कुठे पारदर्शकच लागते, कुठे हाताच्या पंजाएवढीच चालते, आणि लेन्स काढता येणारा कॅमेरा बहुतेक ठिकाणी अडवतात. ते वाचून घ्या नाहीतर गेटपासून गाडीपर्यंत उलटी वरात.

रूम घेताना एकच बघायचं, शोच्या जागेपासून चालत येता येतं का. थोडी महाग पडली तरी घ्या, कारण त्याने तीन प्रश्न एकदम सुटतात: पार्किंग, रात्रीचं ड्रायव्हिंग आणि कोण पिणार कोण नाही. "शो संपला की लगेच निघू, अर्ध्या वाटेत झोपू" हा प्लॅन जो सुचवेल त्याला मागच्या सीटवर बसवा. चालत जाण्यासारखी रूम नाहीच मिळाली तर त्या रात्री गाडी चालवणारा आधीच ठरलेला पाहिजे आणि त्याने एक थेंबही घ्यायचा नाही. दुसऱ्या रात्री पाळी बदलायची.

गाडी

व्हॅन हेलन या रॉक बँडचा किस्सा बऱ्याच जणांना माहीत असेल, त्यांच्या करारात अट असायची की बॅकस्टेजला एम अँड एमच्या रंगीत चॉकलेट गोळ्या ठेवा पण त्यातल्या तपकिरी काढून टाका. लोक म्हणायचे काय माज आहे. खरं कारण नंतर त्यांच्या गायकाने सांगितलं, शो खूप अवजड होता, वजन, वीज, सगळ्याच्या अटी त्या करारात होत्या, आणि तपकिरी गोळी दिसली की कळायचं समोरच्याने करार नीट वाचलेला नाही, मग सगळं परत तपासायचं.

आमची तपकिरी गोळी म्हणजे स्टेपनी. गाडीवाला मित्र "गाडी एकदम ओके आहे" म्हणाला की मी डिकी उघडून स्टेपनीत हवा आहे का बघतो. नसेल तर त्याने बाकीचं पण काही बघितलेलं नाही असं समजून सगळंच बघायचं: जॅक, पाना, कूलंट, ऑइल, वायपर, दोन्ही हेडलाइट, ब्रेक लाइट. टायरची हवा गाडी थंड असताना तपासा, चालवून तापल्यावर आकडा जास्त दाखवतो. चार माणसं आणि भरलेली डिकी असेल तर हवा किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. काच आतूनही पुसा, रात्री समोरच्या लाइटने जो धुरकट पसारा दिसतो तो निम्मा आतल्या मळाचा असतो.

ऑफलाइन मॅप डाउनलोड करा, चार्जरच्या वायरी दोन घ्या, पाणी हाताशी ठेवा. बाकी सामान प्रत्येकी एक बॅग. एक जण नेहमी सुटकेस आणतो, त्याला दारातूनच परत पाठवा.

रस्त्यावर

दर दोन तासांनी थांबायचं आणि तिथेच ड्रायव्हर बदलायचा, "मला नाही झोप येत, मी चालवतो" हे ऐकून घ्यायचं नाही. माणूस सलग १७ तास जागा असला की त्याचं लक्ष आणि रिफ्लेक्स रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखे होतात असं १९९७ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. सकाळी ७ ला उठून रात्री १२ ला शोमधून बाहेर आलेला माणूस बरोब्बर १७ तासांवर असतो, पाण्याशिवाय काही न पिता. वर पहाटे २ ते ६ या वेळात शरीर तसंही झोप मागतं, दुपारी जेवणानंतर २ ते ४ मध्ये परत एक झटका येतो.

डुलकी लागते ती कळत नाही हा खरा घोळ आहे. ताशी १०० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २८ मीटर जाते, चार सेकंद डोळा लागला तर शंभर मीटरच्या वर गाडी कोणीच चालवत नसतं. मागचे दोन किलोमीटर कसे गेले आठवत नाही, डोळे चुरचुरतात, लेनच्या पट्टीवर चाक जातंय, यातलं एक जरी झालं की गाडी सुरक्षित जागी घ्या. काच उघडणं, गाणी मोठी करणं, स्वतःला चिमटे काढणं याने काही होत नाही, मी सगळं करून बघितलंय. एकच गोष्ट थोडा वेळ चालते, कडक कॉफी किंवा चहा पिऊन लगेच १५-२० मिनिटांची झोप काढायची, कॅफिन चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो त्यामुळे उठताना दोन्हीचा फायदा एकदम मिळतो. त्याच्यापेक्षा जास्त झोपलात तर उठल्यावर अर्धा तास डोकं जड. आणि हा तात्पुरता उपाय आहे, ८ तासांची झोप त्याने भरून निघत नाही.

गाडीत गाणी कोण लावणार यावर युद्धं होतात. आमचा नियम असा की चालवणाऱ्याला नकाराधिकार, शेजारच्याकडे फोन, मागच्यांनी गप्प बसायचं. जाताना ज्याचा शो बघायचाय त्याची गाणी मी शेवटचे दोन तास बंद करतो, तिथे पहिलं गाणं सुरू झालं की मग मजा वेगळीच येते. हे माझं वेड आहे, सगळ्यांना पटत नाही.

गेटवर

गाडी लावलीत की तोंड बाहेरच्या दिशेला करून लावा आणि जवळच्या खांबाच्या नंबरचा फोटो काढा. टीशर्ट घ्यायचा असेल तर आत गेल्या गेल्या घ्या, शेवटी साइज उरत नाहीत आणि लाइन बाहेरपर्यंत जाते. आत गेल्यावर इमर्जन्सीचे दरवाजे कुठे आहेत ते एकदा मान वळवून बघा, संकटात लोक आले त्याच दाराकडे पळतात म्हणून दुसरं दार माहीत असलेलं बरं.

मग भेटायची जागा ठरवा. "स्टेजच्या डावीकडे" ही जागा नाही, तिथे पाच हजार माणसं असतात. पाण्याचा नळ, फर्स्ट एडचा तंबू, साउंडवाल्यांचा चौथरा, असलं न हलणारं काहीतरी. वेळही ठरवा, मेन बँडच्या आधी एकदा आणि संपल्यावर १५ मिनिटांनी. गर्दीत डेटा चालत नाही, साधा एसएमएस मात्र बऱ्याचदा उशिरा का होईना जातो.

आवाज कुठे चांगला येतो म्हणाल तर साउंड इंजिनिअरच्या त्या चौथऱ्याच्या आसपास, तो स्वतःच्या कानाने तिथूनच मिक्स करत असतो. अगदी पुढे बॅरिकेडला गायकाचा घाम दिसतो पण आवाज बऱ्याचदा नुसता ड्रम आणि गिटार ॲम्पचा येतो. मोठ्या मैदानात खूप मागे असाल तर ओठ आणि आवाज जुळत नाहीत असं वाटेल, तुमचं डोकं ठिकाणावर आहे, आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, १०० मीटर मागे तो साधारण ०.३ सेकंदाने उशिरा पोचतो.

कान

यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण माझ्या उजव्या कानात रात्री शांत झालं की बारीक शिट्टी वाजते, आणि ती आता जाणार नाही असं डॉक्टर म्हणाले.

हिशोब असा आहे. ८५ डेसिबल आवाजात ८ तास ही कामाच्या जागेसाठी अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेने सुचवलेली मर्यादा आहे, आणि त्याच्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. रॉक शो १०० च्या आसपास किंवा वर सहज जातो आणि आपण तिथे तीन तास असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असं म्हटलंय, पण सगळीकडे ते पाळलं जातंच असं नाही. आणि तुम्ही तर लागोपाठ दोन रात्री जाताय.

इअरप्लग घ्या, लाजू नका, स्टेजवरच्यांच्या कानातही बहुतेक वेळा काहीतरी असतंच. फोमचे स्वस्त असतात आणि आवाज भरपूर कमी करतात पण वरचे सूर जास्त खातात म्हणून सगळं उशी तोंडावर धरल्यासारखं ऐकू येतं. संगीतासाठीचे वेगळे फिल्टरवाले मिळतात ते सगळा आवाज जवळपास सारखा खाली आणतात, गाणं गाण्यासारखं राहतं. ट्रिपच्या आधी तेच घ्या, आणि फोमचे चार जोड खिशात असू द्या, कोणीतरी विसरतंच. फोमचा घालायची पद्धत: बोटांनी बारीक सुरळी करा, दुसरा हात डोक्यावरून घेऊन कान वर आणि मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत २०-३० सेकंद बोटाने धरून ठेवा. नुसता कानाच्या तोंडाशी अडकवलेला प्लग म्हणजे दागिना.

शोनंतर कान भरल्यासारखे झाले किंवा वाजायला लागले तर ती थकव्याची खूण आहे, त्यांना आराम द्या. दुसऱ्या दिवशी गाडीत गाणी हळू आणि हेडफोन तर नकोच. एका दिवसाच्या वर बहिरेपणा किंवा शिट्टी राहिली तर लगेच डॉक्टर गाठा, बघू पुढच्या आठवड्यात म्हणू नका.

गर्दीत

पिटमध्ये, म्हणजे स्टेजपुढे लोक एकमेकांवर आपटत नाचतात त्या घोळक्यात, उतरायचं तर बंद आणि जुने सवयीचे बूट, चश्मा बाहेर, खिशाला चेन. कोणी पडलं की आजूबाजूचे सगळे थांबून त्याला आधी उचलतात, हा पिटचा पहिला कायदा. ज्याला नाचायचं नाहीये त्याला ओढायचं नाही हा दुसरा.

पिट आणि चेंगराचेंगरी या वेगळ्या गोष्टी आहेत. पिटमध्ये जागा असते, चेंगराचेंगरीत नसते. १९७९ मध्ये अमेरिकेत सिनसिनाटीला द हू या बँडच्या शोला दाराबाहेरच ११ जण मेले, २००० मध्ये डेन्मार्कच्या रॉस्किल्ड महोत्सवात पर्ल जॅम हा बँड वाजवत असताना ९ जण. अशा वेळी माणसं बहुतेक करून पायाखाली नाही, उभ्या उभ्या श्वास कोंडून जातात. खूण सोपी आहे, हात वर करून स्वतःच्या नाकाला सहज लावता येत नसेल किंवा गर्दी लाटेसारखी तुम्हाला हलवायला लागली असेल तर निघायची वेळ झाली, आवडतं गाणं चालू असलं तरी. दोन्ही हात बॉक्सरसारखे छातीपुढे आणा म्हणजे फुप्फुसाला जागा राहते, एक पाय पुढे एक मागे. लाटेच्या विरुद्ध ढकलू नका, लाट ओसरली की तिरपं तिरपं कडेला सरका. ओरडण्यात श्वास घालवू नका. फोन पडला तर पडला, वाकायचं नाही.

शो संपल्यावर आणि दुसरा दिवस

लाइट लागले की सगळे एकदम पार्किंगकडे पळतात आणि मग तासभर इंजिन चालू ठेवून एकमेकांना हॉर्न देत बसतात. तुम्ही गाडीने आलाच असाल तर पाऊण तास आरामात बसा, पाणी प्या, पाय सोडा, मग निघा, पोचाल जवळपास त्याच वेळेला. रूमवर गेल्यावर फोन आणि उद्याचे इअरप्लग चार्जरशेजारी एकत्र ठेवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी भांडण होणार हे धरून चाला, आमचं दर ट्रिपला साधारण ३ ते ५ मध्ये होतं, कारण काहीही असतं, एसी, वाट चुकली, कोणी किती वेळ बाथरूममध्ये होतं. खरं कारण झोप आणि भूक. तेव्हा कोणाचं बरोबर ते ठरवत बसू नका, गाडी थांबवा, खा, आणि नवीन रूमवर गेल्यावर प्रत्येकाने अर्धा तास आडवं व्हायचं, बोलायचं नाही. त्या अर्ध्या तासावर दुसरा शो उभा असतो. ज्याला खरंच बरं वाटत नसेल त्याला रूमवर झोपू द्या आणि त्यावरून टोमणे मारू नका.

परतीच्या दिवशी अलार्म लावायचा नाही, सगळे आपोआप उठल्यावर निघायचं. शेवटच्या थांब्याला खजिनदाराने वही काढून हिशोब तिथेच मिटवायचा, सगळे समोर असताना, उरलेले पैसे तिथेच वाटायचे. घरी गेल्यावर करू म्हटलं की तो हिशोब पुढच्या लाँग वीकेंडपर्यंत होत नाही. आणि गाडी ज्याची, त्याच्या गाडीतला कचरा पहिला माणूस उतरायच्या आत उचला, नंतर एकटाच तो उचलत बसतो आणि पुढच्या वेळी गाडी देत नाही.